कादंबरीत मी वारले, त्याबद्दल

अग्रहार, मैसूर
शुक्रवार

फत्तेसिंगराव भावोजींस,

चिरंजीव लिहावं तर तुमच्या मिशा पिकल्या, आणि तीर्थरूप लिहावं तर तुम्ही माझे धाकटे दीर. तेव्हा नमस्कार आणि आशीर्वाद दोन्ही पाठवते आहे. जो बसेल तो ठेवून घ्या, उरलेला तुळसीला द्या. तुमचा गुडघा कसा आहे? तुळसीची शुगर? आणि तो केळी खाऊन गेलेला हत्ती पुन्हा आला का? (फटाके लावू नका. मागच्या वेळी हत्ती राहिला जागच्या जागी आणि तुमचीच गाय दावं तोडून पार कोटे गावातल्या बसस्टँडपर्यंत गेली, असं तुळसी सांगत होती.) माझी प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य लोक पत्रात रीत म्हणून लिहितात. मी ह्या वेळी पुरावा म्हणून लिहिते आहे.

तुम्ही पुण्याच्या प्रकाशकाला कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून पाठवलेली मेल लेकीने, विद्याश्रीने, मला मराठीत सांगितली. ‘माझ्या वहिनी जिवंत आहेत, स्वतःच्या पायांनी देवराज मार्केटला जातात, आणि त्यांच्याशी भाव करताना दुकानदार रडकुंडीला येतात.’ खाली सही, निवृत्त फॉरेस्टर. भावोजी, माझी बाजू घेऊन इतकं कुणी भांडलेलं मला आठवत नाही. डोळ्यांत पाणी आलं. पण त्या मेलने केलं काय, ते ऐका. ज्या केतकी बेडेकर नावाच्या मुलीने ही कादंबरी लिहिली, तिचं मला उत्तर आलं आहे. म्हणते, काकू, मोठी चूक झाली, दुसऱ्या छपाईत दुरुस्त करतो. दुरुस्त म्हणजे काय, तर मला जिवंत करणार आणि तुमच्या अण्णांना मारणार. तुम्ही म्हणाल तसं करू, महिनाअखेरीस छपाई आहे, त्याआधी कळवा. आता असल्या पत्राला बाईमाणसाने काय उत्तर लिहायचं? कृपया माझ्या नवऱ्याला मारावे, कळावे, लोभ असावा?

फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी हूं हूं करते. शिवाय तुमच्याकडे अर्धी गोष्ट पोचली आहे. आमच्या मराठी मंडळातल्या भागीरथीबाईंनी तुळसीला सांगितली, तुळसीने तुम्हाला, आणि तुम्ही पुढचं न ऐकताच ‘पत्ता द्या त्या बाईचा’ म्हणून ओरडलात. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

पॉडकास्ट म्हणजे फोनमधला रेडिओच, फक्त आपल्याला हवा तेव्हा लावता येतो. (हे तुळसीसाठी. तुम्हाला ठाऊक आहे, कारण ‘आमचे अण्णा त्यात बोलतात’ म्हणून तुम्ही सगळ्या कोट्यात सांगत फिरला होतात.) हे रिटायर झाले तेव्हा विद्याश्रीने लावून दिला होता. वर्कशॉप सुटलेला माणूस दिवसभर घरात बसून माझी भांडी मोजायला लागला, म्हणून. पॉडकास्टचं नाव ‘राहिलेलं सामान’. दर शुक्रवारी केतकी एका बस डेपोत कुणाचं तरी राहून गेलेलं एक सामान घ्यायची आणि नुसतं वर्णन करायची. लाल रिबीन बांधलेली छत्री. किल्ली नसलेलं कुलूप. मग ऐकणाऱ्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, हे कुणाचं असेल आणि का राहिलं असेल. खरं उत्तर कुणाला ठाऊकच नसायचं, त्यामुळे भांडण कधी मिटायचं नाही. आमच्या घराला ते फार मानवलं.

मी कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. घरातली मराठी आणि पुस्तकातली मराठी ह्या दोन वेगळ्या बाया आहेत हे मला चाळिशीनंतर कळलं, मंडळाच्या कपाटातली पुस्तकं एकेक करून घरी आणायला लागले तेव्हा. एक पान वाचायला तास लागायचा. आता लागत नाही. पण पॉडकास्टमधली मराठी मला पहिल्या दिवसापासून कळली, कारण ती मुलगी शेजारी बसून बोलल्यासारखी बोलायची. ह्यांना निम्मी कळायची आणि उरलेली हे स्वतः घालायचे. छत्री वकिलाची आहे, हे म्हणाले. मी म्हटलं, वकील छत्रीला रिबीन बांधेल का? चार जावांच्या घरात राहणारी बाई बांधते, आपली ओळखू यावी म्हणून. हे म्हणाले, तुला काय समजतं, वकिलाच्या बायकोने बांधली असेल. कुलूप चोराचं आहे, म्हणाले. मी म्हटलं, चोराला कुलूप कशाला, ते घर विकून निघालेल्या माणसाचं आहे. घर दिलं त्याने, कुलूप देववलं नाही. ‘साकु साकु,’ हे कन्नडात म्हणाले, ‘पुरे झालं तुझं पुराण,’ आणि फोन घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले. मेसेज नेहमी तिथूनच पाठवायचे. घरात पाठवला तर मी मधे बोलते, म्हणायचे. (बोलायचेच मी.)

पुढच्या शुक्रवारी तो मेसेज लागायचा. ‘आता आपले म्हैसूरचे काका काय म्हणतात ऐकू या.’ मग ह्यांचा आवाज, ‘नमस्कार, ते कुलूप चोराचंच हो, डौटच नाही.’ तिकडे पुण्यात सगळे हसायचे. हे हसत नव्हते, पण कान लाल व्हायचे.

यंदा आषाढात ह्यांना जाऊन दोन वर्षं होतील. त्याबद्दल तुम्हाला मी काय लिहू, तुम्हीच सगळं केलंत. त्यानंतर मी पॉडकास्ट लावला नाही. विद्याश्री म्हणाली, की मधे एकदा केतकी त्यात विचारत होती, म्हैसूरचे काका कुठे आहात, बऱ्याच दिवसांत आवाज नाही. मला काय करावं समजेना. कार्ड असतं तर वाईट बातमीचं म्हणून कोपरा फाडून टाकलं असतं. पॉडकास्टचा कोपरा कुठून फाडायचा? राहून गेलं. मग तो पॉडकास्टही बंद झाला म्हणे.

आणि गेल्या महिन्यात विद्याश्री तिच्या जयलक्ष्मीपुरमच्या घरून पुस्तक घेऊन आली. जाड, वर बसच्या खिडकीचं चित्र, नाव तेच, ‘राहिलेलं सामान’. त्या पॉडकास्टचीच कादंबरी केली आहे. ‘अम्मा, ह्यात अप्पा आहेत,’ म्हणाली. तिला मराठी वाचता येत नाही, तिने मैत्रिणीकडून ऐकलं होतं. ती गेल्यावर मी दार लावलं, चष्मा पुसला आणि बसले. पहिली छत्रीच आली. ती आवडली. डेपोतला कारकून आला, तो पॉडकास्टमध्ये नव्हता, तोही आवडला, जरा जास्त सुस्कारे टाकतो एवढंच. आणि मग हे आले.

भावोजी, मला इतका आनंद झाला की मी उठून उभी राहिले. मग पुढचं वाचलं आणि परत बसले. त्यांचं नाव वेंकण्णाकाका. कपाळाला गंध. खांद्यावर जरीकाठी उपरणं. सकाळ-संध्याकाळ फिल्टर कॉफी, आणि ‘सारूभाताशिवाय त्यांचं पान हलत नाही’. तुमचे अण्णा! वर्कशॉपच्या कँटीनच्या चहाने ज्यांच्या जिभेचं कातडं झालं होतं, जे रविवारी मटण नसलं तर आज दुखवटा आहे का म्हणून विचारायचे! खिडकीतून त्यांना रोज राजवाड्याचे दिवे दिसतात. आमच्या खिडकीतून पद्मनाभ मास्तरांची पाण्याची टाकी दिसते. आणि राजवाड्याला रोज दिवे लावले तर बिल कोण भरणार? पुण्यात बसून मैसूरचा माणूस करायचा म्हटल्यावर बिचारीने जे हाताला लागलं ते सगळं त्यांच्या अंगावर चढवलं. आपल्या आजोबा-पणजोबांनी महाराजांच्या फौजेत तलवारी चालवल्या आणि त्यांच्या नातवाच्या हातात हिने पळी-पंचपात्र दिलं. वाचताना हसू येत होतं. तरी माझा राग नव्हता. आवाज त्यांचाच होता. ‘डौटच नाही’ म्हणतात ना, ते तसंच ठेवलं होतं.

मग पान उलटलं आणि मी वारलेले होते.

पुस्तकात माझं नाव कमलाक्षी. काही आजार नाही, काही नाही. ‘कमलाक्षी जाऊन तीन वर्षं झाली होती.’ बस. एका ओळीत. मी पान मागे-पुढे करून बघितलं, कुठे तरी ताप तरी आला असेल म्हणून. नाही. पुस्तक मिटलं, चहा केला, प्यायले. चहा लागला नेहमीसारखाच. तेवढ्यात भागीरथीबाईंचा फोन. त्यांनी मंडळाची प्रत माझ्या आधी वाचून संपवली होती. ‘वनजा, अय्यो, तू गेलीस की गं! आणि आम्हाला एका शब्दाने कळवलं नाहीस?’ म्हणून खो खो हसल्या, आणि मग एकदम रडायलाच लागल्या. मला कळेना, कुणी कुणाचं सांत्वन करायचं. शेवटी मीच म्हटलं, उगी उगी, मी सुखाने गेले, एका ओळीत.

विद्याश्रीला सांगितलं. ती म्हणाली, ‘होगली बिडम्मा, ते सुम्ने कथा आहे.’ जाऊ दे, नुसती गोष्ट आहे, म्हणते. तिला कसं जाऊ देता येतं, बघा. कॉलेजात शिकवते, म्हणून असेल.

बरं, मी गेले ते गेले. पुढे काय होतं ते ऐका, कारण माझा सगळा गोंधळ तिथे आहे. वेंकण्णाकाका माझ्यामागे एकटे राहतात आणि माझा शोक करतात. आणि काय शोक करतात! रोज दोन कप कॉफी ओततात आणि दुसरा कप गार होईपर्यंत समोर बसतात. माझ्या साड्या उन्हात घालून पुन्हा घडी करून ठेवतात. उप्पीट स्वतः करतात, माझ्या पद्धतीने, रवा मंद आचेवर भाजून. भावोजी, मला आजारपणात दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा ह्यांनी तीन दिवस साखरेच्या डब्याऐवजी सोड्याच्या डब्याशी मारामारी केली होती, आणि चौथ्या दिवशी तुळसीकडे जेवायला कोट्याची बस पकडली होती. मी आधी गेले असते तर ते तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन तुमच्या ओसरीवर हजर झाले असते, आणि आज तुळसी शुगरऐवजी त्यांच्याबद्दल तक्रार करत असती. हे मला शंभर टक्के ठाऊक आहे. आणि तरी ते साड्यांचं पान मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायला घेतलं आणि स्वतःलाच म्हटलं, वनजा, हे काय चाललंय, तुझ्या मरणाला तूच पदराने डोळे पुसते आहेस.

सगळ्यांत कमाल पुढे आहे. पुस्तकातले काका जे सामान बघतात त्याबद्दल म्हणतात, ‘कमलाक्षी म्हणाली असती, हे बाईचं आहे. आणि तिचंच खरं.’ पानोपानी, तिचंच खरं. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात मी एवढं वाक्य एकदा ऐकलं असतं तरी त्या दिवशी गोड केलं असतं. मला वाटलं, ही मुलगी अजून लग्न न झालेली असणार, नवऱ्यांबद्दल तिच्या काही तरी कल्पना आहेत.

(शेवट मात्र मला मुळीच पटला नाही. शेवटी काका पुण्याला जातात आणि कमलाक्षीचा स्टीलचा डबा, नाव घातलेला, झाकणासकट, बसच्या सीटवर मुद्दाम ठेवून उतरतात. भागीरथीबाई म्हणतात, तिथे त्यांना हुंदका आवरेना. मला वाटलं, आधी मागे फिर आणि डबा घेऊन ये.)

असं सगळं मी तुळसीला फोनवर हसत हसत सांगणारच होते, तोवर भागीरथीबाईंनी आधी सांगितलं आणि तुम्ही मेल धाडलीत. आता केतकीचं उत्तर. लांब आहे, मराठीत आहे, मीच वाचलं. सुरुवातीला माफी. काका गेल्याचं तिला तुमच्या मेलवरूनच कळलं. पुस्तक लिहीत असताना ते आहेत असंच ती समजत होती. मग मी का मेले, त्याचा खुलासा. म्हणते, काकांचे मेसेज लांब असायचे, आम्ही पहिलं अर्धं मिनिट लावायचो आणि उरलेलं कापायचो. कापलेल्या भागात काका दर वेळी एक गोष्ट सांगायचे. आवाज खाली आणून म्हणायचे, ‘पण आमच्या घरात दुसरं एक म्हणणं आहे.’ मग छत्री चार जावांच्या घरातली, कुलूप घर विकून निघालेल्याचं, सगळं अक्षरशः माझं. आणि शेवटी, ‘मला विचाराल तर तेच खरं आहे. डौटच नाही.’ दर शुक्रवारी, म्हणते. एकदाही चुकले नाहीत.

पुढचं वाक्य मी तिचंच लिहिते. ‘काकू, काका तुमच्याबद्दल ज्या आदराने बोलायचे, त्यावरून आम्हाला वाटलं की तुम्ही हयात नसणार. जिवंत बायकोबद्दल असं बोलताना आम्ही कुणाला ऐकलं नव्हतं.’

म्हणजे मी मधे बोलते म्हणून हे बाहेर जात नव्हते. माझं म्हणणं मान्य करताना मी ऐकू नये म्हणून जात होते. आत येऊन पुन्हा म्हणायचे, ‘चोराचंच आहे ते.’ आणि मी त्यांच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत भांडायची. भावोजी, हा कसला माणूस? तुम्ही लहानपणापासून ओळखता, तुम्ही सांगा. मला राग आला की काय झालं, अजून ठरत नाही. दोन दिवस स्वयंपाक करताना मी भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या फोटोला हार घालताना म्हटलं, पुण्याच्या अनोळखी पोरीला सांगितलंत, मला सांगायला काय झालं होतं? फोटोतही तोंड तसंच, चोराचंच आहे ते, असं.

आणि आता मला ठरवायचं आहे. दुरुस्ती केली तर सगळं खरं होईल. मी जिवंत, माझं नाव सुधारेल, तुमचं समाधान होईल, मंडळात कुणी हसणार नाही. पण मग त्यांना जावं लागेल. केतकीने विचारूनही ठेवलं आहे, ‘काका कसे गेले, सांगू शकाल का, म्हणजे नीट लिहिता येईल.’ ते एकदा झालं आहे. ते मी बघितलं आहे, तुम्ही बघितलं आहे. ते छापून, बांधून, दुकानात ठेवायचं? आणि नाही केली तर मी मेलेली, खोटी मेलेली, आणि ते उपरणं घालून कॉफी पीत बसलेले, तेही खोटेच. कधी वाटतं, पुस्तक आहे ते, त्याने मला काय. कधी वाटतं, जगात एक तरी जागा आहे जिथे ते सकाळी उठतात. दोन्ही एकाच वेळी वाटतं. डोक्यात नुसता कालवा झाला आहे. मंडळातल्या बायका म्हणतात, तू ह्या कादंबरीवर बोल. मी उभी राहून काय सांगू, आवडली की नाही? मला विचारलं तर आवडली, आणि ती लिहिणारी समोर आली तर दोन शब्द सुनवीन, आणि मग जेवायला वाढीन.

तुम्ही घरातले मोठे पुरुष आता. तुम्ही म्हणाल ते मी मानीन. विचार करून कळवा, घाई नाही. तुळसीला म्हणावं केळीच्या बागेत एकटी जाऊ नकोस. गुडघ्याला एरंडेल लावून शेका.

तुमची (अद्याप हयात)
वहिनी वनजा

ता. क. तुम्ही काय म्हणाल त्याची वाट न बघता मी केतकीला काल उत्तर पाठवून दिलं. दुरुस्ती करू नये, मी आहे तशी मेलेली बरी. तेव्हा तुम्ही तुमची मेल मागे घ्या. त्यांना माझ्यापेक्षा निवृत्त फॉरेस्टरची भीती जास्त वाटते आहे. पत्र पोचेल त्याच दिवशी घ्या.

ता. क. २. मात्र कॉफीच्या जागी चहा, सारूभाताच्या जागी रविवारचं मटण आणि गंध-उपरणं रद्द, एवढं करायलाच लावलं आहे. जिवंत राहायचंच आहे तर माणसाने जेवून-खाऊन राहावं. राजवाड्याचे दिवेही काढा म्हटलं होतं, पण पद्मनाभ मास्तरांच्या टाकीवर कादंबरी चालत नाही, म्हणाली. असू देत.

ता. क. ३. सगळं पत्र ज्यासाठी लिहिलं ते इथे लिहिते. केतकीने ह्यांचे सगळे मेसेज पाठवले आहेत, न कापलेले. फोनमध्ये येऊन पडले आहेत. मी एकही लावलेला नाही. एकटीने लावायचा धीर होत नाही, आणि विद्याश्रीसमोर लावले तर तीच आधी रडेल आणि मला तिला बघावं लागेल. पुढच्या शुक्रवारी तुम्ही आणि तुळसी या. हत्तीला एक दिवस बाग सोडा, खाऊ दे. तुमच्यासमोर लावते. ऐकताना मी मधे बोलेन. बोलू द्या.